वारेच्या कॅप्सूल, लोहाची गोळी की परसातला खड्डा?

अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये दुसऱ्या खेपेला दिवस राहिले, तेव्हा आमच्या डुलानं, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या मदतनीस बाईनं, पहिल्याच भेटीत विचारलं, "प्लासेंटाच्या, म्हणजे वारेच्या, कॅप्सूल करून घ्यायच्या आहेत का? नाव आधी नोंदवावं लागतं." त्याच रात्री सांगलीला फोन केला. आई क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "अगं, वार पुरतात. खातात कसली?"

या दोन वाक्यांच्या मध्ये मी तीन महिने काढले. इकडे बाळंत होणाऱ्या बऱ्याच मराठी मुलींपुढे हाच प्रश्न येतो, म्हणून माझी तुलना इथे मांडते. माझं मत आधीच सांगते: कॅप्सूल घेऊ नयेत. पण ज्यांना घ्यायच्याच आहेत त्यांच्यापुढेही एकाहून जास्त वाटा आहेत आणि त्या सगळ्या सारख्या जोखमीच्या नाहीत.

वाफवलेली आणि कच्ची

वार साधारण अर्धा किलो भरते. ती धुतात, पातळ काप करतात, डिहायड्रेटरमध्ये कडकडीत वाळवतात, दळतात आणि पूड कॅप्सूलमध्ये भरतात. ओरेगनच्या आसपास याचे साधारण २०० ते ४०० डॉलर पडतात. चिनी वैद्यकात वाळवलेली वार औषध म्हणून वापरायची जुनी परंपरा आहे, पण आईनं बाळंतपणानंतर स्वतःचीच वार खायची ही पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकापासून रुजत गेली. म्हणून "हजारो वर्षांची प्रथा" असं कुणी म्हटलं, तर कुठली प्रथा ते विचारा.

पद्धती मुख्यतः दोन. एकीत वार आधी वाफवतात, बऱ्याचदा आलं-लिंबू घालून, आणि मग वाळवतात. दुसरीत कच्चीच, कमी आचेवर वाळवतात. कच्चीच्या बाजूनं सांगतात की त्यात हार्मोन आणि पोषण टिकून राहतं. पण कमी आचेवर जंतूही टिकून राहतात. ओरेगनमध्ये जे घडलं ते इथेच कळीचं ठरतं.

२०१६ मध्ये इथल्या एका बाळाला जन्मल्यावर थोड्याच वेळात श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. रक्तात ग्रुप बी स्ट्रेप हा जंतू सापडला. ११ दिवस अँटिबायोटिक देऊन बाळ घरी आलं आणि पाच दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेलं. जंतू तोच. आई रोज तीन वेळा दोन-दोन कॅप्सूल घेत होती. त्या तपासल्यावर त्यांतही तोच जंतू निघाला. सदतिसाव्या आठवड्यातली आईची तपासणी मात्र निगेटिव्ह होती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं, म्हणजे सीडीसीनं, जून २०१७ मध्ये हे प्रकरण प्रसिद्ध केलं. जंतू घरातल्या दुसऱ्या कुणाकडून आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हेही त्यांनी लिहिलं. पण वारेच्या कॅप्सूल टाळाव्यात, हा सल्ला स्पष्ट दिला. त्याच अहवालात तुलनेसाठी एक आकडा आहे: साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पुरेसा मरायला ५४ अंश सेल्सिअसला १२१ मिनिटं लागतात. त्या कॅप्सूल करणाऱ्यांची वाळवणी ४६ ते ७१ अंशांच्या दरम्यान होती, म्हणजे खालच्या टोकाला जंतू मरतीलच याची खात्री नव्हती. खाण्यासाठी वारेवर प्रक्रिया कशी करावी याचं ठरलेलं मानकच नाही.

बाळ बरं झालं. पण पाच दिवसांत परत रुग्णालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. म्हणून कच्ची पद्धत मी यादीतून सरळ खोडली. वाफवलेली त्याहून बरी. पण वाफवल्यानंतर सुरी, ग्राइंडर आणि हात यांतून जंतू परत लागू शकतात. शिवाय वारेत साचलेला कॅडमियमसारखा विषारी धातू असेल, विशेषतः धूम्रपान करणारीच्या, तर तो कुठल्याही आचेनं जात नाही.

पण हवं काय आहे?

हे मी फार उशिरा विचारलं. कॅप्सूलकडून अपेक्षा तीन असतात: अंगात ताकद, मन ठिकाणावर, भरपूर दूध.

ताकद म्हणजे बहुतेक वेळा लोह. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगासमधल्या संशोधकांनी वारेच्या कॅप्सूलची तुलना वाळवलेल्या बीफच्या कॅप्सूलशी केली. कुठली कुणाची हे बायकांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या अभ्यासातल्या दिवसभराच्या जास्तीत जास्त डोसमध्ये, ३.३ ग्रॅम पुडीत, लोह जेमतेम सव्वादोन मिलिग्रॅम होतं. दूध पाजणाऱ्या आईच्या रोजच्या गरजेचा हा चौथा हिस्साही नाही. दोन गटांच्या शरीरातल्या लोहात फरक दिसला नाही. आता शेजारी आपल्याकडची सरकारी लाल गोळी ठेवा. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं, आणि बाळंतपणानंतर ती रोज एक अशी १८० दिवस घ्यायची असते. आशाताई घरी आणून देतात, फुकट. इथे तेच लोह दुकानात काही डॉलरला मिळतं. ज्यांचं रक्त खूप गेलं आहे त्यांनी हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांकडूनच डोस ठरवावा. अळीव आणि डिंकाचे लाडू जरूर खा, ते पोटाला आणि मनाला बरे वाटतात, पण त्यांनाही गोळीची जागा देऊ नका.

मनाचा भाग मला सगळ्यात नाजूक वाटतो. त्याच संशोधकांच्या २७ बायकांच्या अभ्यासात मनःस्थितीतही ठोस फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, हे खरं. माझी खरी भीती मात्र वेगळी आहे. पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. त्यापुढेही झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, जगणं नको वाटतं असं असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. "कॅप्सूल चालू आहेत, होईल बरं" म्हणत महिना गेला, तर तो महिना परत येत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरो स्केल नावाची दहा प्रश्नांची चाचणी कुठल्याही डॉक्टरकडे मागता येते. अमेरिकेत १-८३३-८५२-६२६२ आणि भारतात टेलिमानसचा १४४१६, हे मानसिक मदतीचे दोन्ही नंबर फ्रिजवर आधीच चिकटवून ठेवा.

दुधाबाबत तर गंमत उलटी आहे. वार बाहेर पडते, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदम खाली येतं, आणि त्यानंच पान्हा फुटायचा रस्ता मोकळा होतो. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उतरायला उशीर होतो, हे दायांना पूर्वीपासून माहीत आहे. मग तीच वार परत पोटात घालून दूध कसं वाढावं? बाळाला वरचेवर छातीला लावणं आणि पहिल्याच आठवड्यात स्तनपान सल्लागाराला घरी बोलावणं, यावर ते पैसे घातलेले बरे.

पुरणं

अनेकींना कॅप्सूल हव्या असतात त्या औषध म्हणून नव्हेतच. नऊ महिने बाळाला जगवणारा हा अवयव रुग्णालयाच्या कचऱ्यात टाकून देणं त्यांना सोसत नाही. हे मला फार कळतं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत वार आणि जमीन यांना एकच शब्द आहे, व्हेनुआ, आणि माओरी लोक वार जमिनीतच परत देतात. आपणही "तिथे माझी नाळ पुरली आहे" म्हणतोच. असं वाटत असेल, तर कॅप्सूलपेक्षा खड्डा खरा: चांगला खोल, कुत्र्यांना उकरता येणार नाही असा, वर एखादं झाड. भाड्याच्या घरात राहत असाल तर मोठी कुंडी, पण मग झाडाला निदान वर्षभर जपावं लागतं. भारतात बाळंतपण असेल तर २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वार रुग्णालयाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतून जाते, त्यामुळे रुग्णालयाशी आधी बोलावं लागेल.

तरीही करायच्याच असतील तर

ओरेगनमध्ये १ जानेवारी २०१४ पासून आईला वार घरी नेण्याचा कायदेशीर हक्क आहे. टेक्सासमध्येही आहे, पण संसर्गाच्या तपासण्या निगेटिव्ह लागतात. इतर ठिकाणी रुग्णालयाचा फॉर्म छत्तिसाव्या आठवड्याआधी मागून घ्या. वाफवलेलीच पद्धत निवडा, आणि करणारी बाई तुमच्याच स्वयंपाकघरात येईल का ते विचारा. म्हणजे दुसऱ्या कुणाची वार मिसळायचा प्रश्न राहत नाही. कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य, असतं, शाकाहारी घरात वनस्पतीजन्य कवच मागावं लागतं. नवऱ्याला कूलर, बर्फ आणि दोन जाड पिशव्या भरून ठेवायला सांगा, कारण तासाभरात बर्फावर ठेवायचं काम त्याचंच असणार आहे. ग्रुप बी स्ट्रेप पॉझिटिव्ह आला, कळा सुरू असताना ताप आला किंवा गर्भपिशवीत संसर्गाची शंका आली, तर बेत तिथेच सोडा. आणि बाळाच्या डॉक्टरांना कॅप्सूलबद्दल नक्की सांगा. ओरेगनमध्ये कारण सापडलं ते याच माहितीमुळे.

माझ्याबाबतीत यातलं तापाचंच घडलं. पहाटे ताप १०१ च्या वर गेला, वार तपासणीसाठी पॅथॉलॉजीला गेली, तिथे ती फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या विषारी रसायनात, पडली आणि मग खाण्याचा काय, पुरण्याचाही प्रश्न उरला नाही. सुरुवातीला भरलेले कॅप्सूलच्या नोंदणीचे पैसे आम्ही परत मागितले नाहीत. आई सव्वा महिना राहिली, आणि जाताना तिनं परसात एक मोगरा लावला.