गिझर घेताय? साधा नॉबचा की डिजिटल?

दुकानात आकडे चमकणारा गिझर आधी दाखवतात, साधा मागाहून. टाकी आणि कॉइल बहुतेक वेळा सारखीच असते. फरक असतो तो थर्मोस्टॅटचा, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणाऱ्या भागाचा.

साध्या थर्मोस्टॅटचा बल्ब (दिवा नव्हे, द्रव भरलेली छोटी कुपी) टाकीतल्या नळीत असतो. त्यातला द्रव तापून फुगला की ‘टक्’ आवाज होऊन वीज तुटते, आणि पाणी काही अंश निवल्यावर पुन्हा जोडली जाते. डिजिटलमध्ये हेच काम सेन्सर, सर्किट आणि रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) करतात, जास्त नेमकेपणाने. पण बादलीत गार पाणी मिसळणाऱ्याला तो नेमकेपणा कशाला हवा?

डिजिटलचा खरा फायदा म्हणजे तापमान बाहेरून बदलता येतं. कित्येक साध्या गिझरमध्ये ते कंपनीतूनच ठरवून येतं आणि बदलायचं तर झाकण उघडावं लागतं. घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर हा फायदा मोठा, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

मात्र ४५ वर ठेवलं की पाणी कमी पुरतं. नळाचं पाणी २५ अंश आणि आंघोळीचं ४० धरा. १५ लिटर पाणी ६० पर्यंत तापवलं तर गार मिसळून साधारण ३५ लिटर होतं. ४५ वर जेमतेम २०. म्हणजे एकच बादली. चौघांच्या घरात सकाळी यावरून भांडणं होणार.

विजेच्या बिलाचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक जण वीसेक मिनिटं गिझर लावून बंद करतात. २ किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २५ वरून ६० पर्यंत न्यायला तेवढाच वेळ लागतो. अशा घरात डिजिटलमुळे फारसं काही वाचत नाही. दिवसभर चालू ठेवणाऱ्यांना किंवा बंद करायला विसरणाऱ्यांना डिजिटलमधल्या टायमरचा उपयोग आहे.

दुरुस्तीत मात्र साधा सरळ जिंकतो. थर्मोस्टॅट काहीशे रुपयांत मिळतो आणि गल्लीतला इलेक्ट्रिशियन बसवून देतो. (‘डायरेक्ट करून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, थर्मोस्टॅट किंवा कटआउट, म्हणजे पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा सुरक्षेचा स्विच, वगळून गिझर चालवणं जिवावर बेतू शकतं.) डिजिटलचं सर्किट गेलं की कंपनीच्या माणसाची वाट पाहायची. व्होल्टेज वरखाली होत असेल किंवा कोकणासारखी खारी, दमट हवा असेल तर मी साधाच घेईन. बोअरच्या पाण्याचे क्षार दोघांनाही सोडत नाहीत.

डिजिटलच घ्यायचा असेल तर दुकानात तापमान लावा, भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. काही मॉडेल स्टँडबायवरच थांबतात, म्हणजे वीज आली तरी पाणी तापवायला लागत नाहीत. मग रोज सकाळी उंचावरचं बटण दाबायला स्टूल घ्या, नाहीतर रिमोट शोधत बसा.