अपग्रेड फसल्यावर: जुन्यावरच पुन्हा चढवावे की कोऱ्या डिस्कवर बसवावे?

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास, दिवाळीच्या तोंडावर, घरातल्या दोन संगणकांवर विंडोज ११ चढविण्याचा उद्योग मी केला आणि दोन्ही ठिकाणी तो पहिल्या खेपेस फसला. एक संगणक माझा, २०१८ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप, ज्यावर मी अक्षरजुळणीची आणि मुद्रितशोधनाची कामे करतो. दुसरा भाचीचा लॅपटॉप. लॅपटॉपवर जुन्याच विंडोजवरून पुन्हा अपग्रेड चालवून काम भागले, डेस्कटॉपवर मात्र अखेर कोऱ्या डिस्कवर सारे नव्याने बसवावे लागले, त्यामुळे दोन्ही वाटांविषयी थोडेफार बोलण्याइतका अनुभव गाठीशी आहे. संगणक पात्र आहे, टीपीएम ही सुरक्षा-सोय बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी दिसणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, चालू केलेली आहे, सी ड्राइव्हवर पुरेशी जागा आहे आणि कामाच्या फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवलेली आहे, एवढे मी गृहीत धरतो. यांपैकी काही राहिले असेल तर निवडीचा प्रश्न अजून आलेलाच नाही.

पहिली वाट अशी की, विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे स्थापनेच्या साऱ्या फाइलींचा एक गठ्ठा, उतरवून ती चालू विंडोजमध्येच उघडायची, तिच्यातला सेटअप चालवायचा आणि फाइली व ॲप दोन्ही राखण्याचा पर्याय निवडायचा. विंडोज अपडेटमधून येणारे अपग्रेड वारंवार अडत असले तरी या मार्गाने ते कित्येकदा पार पडते, आणि पार पडले की सामान न हलविता घर रंगवून मिळाल्यासारखे वाटते. शिवाय जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात दहा दिवस शाबूत राहते, म्हणजे मन बदलले तर परतीची वाटही असते. दुकानदाराला काहीही विचारले की त्याचे उत्तर ‘फॉरमॅट मारा’ हेच असते, या अनुभवामुळे माझा ओढा प्रथम याच वाटेकडे होता, हे कबूल केले पाहिजे.

भाचीच्या लॅपटॉपने तो ओढा सार्थही ठरविला. फसलेले अपग्रेड जाताना दोन संकेतांक मागे ठेवते. पहिला बिघाडाचा ढोबळ प्रकार सांगतो. दुसरा पाच अक्षरांचा असतो आणि तोच अधिक बोलका. त्याचा पहिला अंक टप्पा दाखवितो: २ असेल तर सेटअपच्या स्वतःच्या तात्पुरत्या वातावरणात घोटाळा झाला, ३ असेल तर नवी विंडोज पहिल्यांदा सुरू होताना आणि ४ असेल तर दुसऱ्यांदा सुरू होताना. शेवटची दोन अक्षरे त्या क्षणी कोणते काम चालले होते ते सांगतात. लॅपटॉपवर ८००७००१एफ आणि ३०००डी अशी जोडी आली होती, म्हणजे पहिल्या सुरुवातीत, वापरकर्त्यांची माहिती नव्या घरात हलविताना गाडी अडली. या जोडीचे नेहमीचे कारण मोडके वापरकर्ता-प्रोफाइल हे असते. कोणे एके काळी त्या लॅपटॉपवर पाहुण्यांसाठी एक खाते काढले होते आणि पुढे त्याचे फोल्डर कोणीतरी हातानेच पुसून टाकले होते. विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही असलेल्या रजिस्ट्रीत, खात्यांच्या ‘प्रोफाइललिस्ट’ या यादीमध्ये मात्र त्याचे नाव तसेच राहिले होते. रिस्टोअर पॉइंट (काही बिघडल्यास मागे फिरण्याची खूण) करून ती नोंद काढली, सेटअप पुन्हा चालविला, आणि दीड-एक तासात विंडोज ११ समोर आली. भाचीच्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा मांजराचा फोटोसुद्धा जागचा हलला नाही.

इतके स्पष्ट निदान हाती येत असेल, तर दुसऱ्या वाटेचा विचार करण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

माझ्या डेस्कटॉपवर मात्र सी१९००१०१ आणि ३००१८ अशी जोडी उमटली. सी१९००१०१ हा ड्रायव्हरच्या, म्हणजे एखादे उपकरण चालविणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरच्या, गोंधळाचा सर्वसाधारण शिक्का आहे आणि ३००१८ चा अर्थ, पहिल्या सुरुवातीच्या टप्प्यावर कुठल्या तरी ड्रायव्हरने सेटअपला उत्तर देणे थांबविले, असा होतो. कुठल्या ड्रायव्हरने, ते कळत नाही. सेटअपडायग हे मायक्रोसॉफ्टचेच छोटे साधन चालवून पाहिले; ते ‘पँथर’ फोल्डरातल्या हजारो ओळींच्या नोंदी वाचून नेमके कारण सांगते, असा त्याचा लौकिक आहे आणि पुष्कळदा ते सांगतेही, पण माझ्या बाबतीत त्याने टप्प्याचे नाव पुन्हा ऐकविले आणि ते थांबले. मग संशयितांची यादी करणे भाग पडले. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस, दहा वर्षांचा लेझर प्रिंटर आणि अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरचा यूएसबीत लावायचा लॉक (जो लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही), असे तिघे समोर आले.

ज्या एका त्रासाने माझा निर्णय केला तो येथे आहे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. एकेका संशयिताला तपासायचे, तर अख्खे अपग्रेड दरवेळी पुन्हा चालवावे लागते. त्याची अर्धीमुर्धी चाचणी नसते. सेटअप सुरू करण्यापूर्वी जी तपासणी होते ती जागा, प्रोसेसर, काही ठाऊक असलेली विसंगत सॉफ्टवेअरे एवढ्यापुरती असते. ड्रायव्हर प्रत्यक्षात कसा वागेल हे नव्या विंडोजने डोळे उघडल्यावरच समजते. पहिल्या संध्याकाळी अँटिव्हायरस काढून साडेआठला सुरुवात केली. तासाभराने संगणक पुन्हा सुरू झाला, काळ्या पडद्यावर टक्के सरकू लागले, आणि सत्तरीच्या पुढे कुठेतरी पडदा एकदम विझून ‘विंडोजची पूर्वीची आवृत्ती परत आणली जात आहे’ अशा अर्थाची ओळ आली. सापशिडीत घराजवळचा साप गिळतो तसे झाले, इतकेच की येथे खाली उतरायलाही वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशी प्रिंटर आणि त्याचा ड्रायव्हर काढला, तोच साप. तिसऱ्या दिवशी लॉक काढला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवायला सांगून त्याचा ड्रायव्हरही मुळापासून उपटला, माउस आणि कीबोर्डखेरीज एकही तार संगणकाला ठेवली नाही. संकेतांक पुन्हा ३००१८ हाच.

तीन संध्याकाळी गेल्या आणि माझ्या ज्ञानात भर पडली ती इतकीच की, या तिघांपैकी एकट्यादुकट्याचा तो दोष नसावा. बरे, सेटअप लावून निर्धास्त झोपावे, तर तेही डेस्कटॉपवर जमत नाही. आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते ती सांगून, पण न सांगता जाणारीही असते, आणि माझा यूपीएस पंधरा मिनिटांहून अधिक तग धरीत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला पहारा द्यावा लागतो. हा सारा वेळ मी मोजून लिहिलेला नाही, त्याला मोजमाप म्हणूही नये. परंतु पहाऱ्याचा कंटाळा हा माझ्या लेखी खऱ्या खर्चाचा भाग आहे, आणि तंत्राच्या तुलनांमध्ये तो सहसा धरलेला दिसत नाही.

दुसरी वाट, म्हणजे कोरी स्थापना. तिचे वाईट आधी सांगतो, कारण ते खरे आहे. विंडोज स्वतः पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात बसली; पुढचे दोन दिवस मात्र माझे घर पुन्हा लावण्यात गेले. परवान्याची चिंता नव्हती, कारण विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो आणि ‘माझ्याजवळ प्रॉडक्ट की नाही’ असे सांगून पुढे गेले तरी इंटरनेट लाभताच तो आपोआप लागू होतो. मराठी फोनेटिक कळफलकही २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून विंडोजमध्येच आहे, तो भाषेच्या सेटिंगमधून दोन मिनिटांत आला. छळले ते फॉन्टांनी. युनिकोड ही अक्षरांची सामाईक सांकेतिक पद्धत येण्यापूर्वीच्या काळातील मराठी फाइली त्या-त्या फॉन्टाशिवाय उघडल्या, तर इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची खिचडी दिसते, हे अक्षरजुळणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून विंडोजच्या फॉन्ट फोल्डराची प्रत मी आठवणीने घेतली होती. तरीही एका जुन्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका उघडली, तेव्हा ‘श्रीगणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे रांगेने उभी होती. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०९ या आवृत्तीपासून एखादा फॉन्ट केवळ त्या वापरकर्त्यापुरताही बसविता येतो, आणि तसा बसविलेला फॉन्ट सामाईक फोल्डरात जात नाही, तर त्याच्या ‘ॲपडेटा’मध्ये, ‘लोकल’च्या पोटात दडलेल्या वेगळ्याच फॉन्ट फोल्डरात जातो. माझे निम्मे फॉन्ट तेथे होते.

ते परत मिळाले, याचे कारण मी दुकानदाराच्या अर्थाने फॉरमॅट मारलेच नव्हते. जुनी डिस्क तशीच ठेवून मी नवी एसएसडी (वेगवान प्रकारची डिस्क) आणली आणि विंडोज ११ तिच्यावर बसविली. कोऱ्या स्थापनेकडे माझे मन वळले ते या एका फरकामुळे, असे म्हटले तरी चालेल. जुनी व्यवस्था पुसली जाण्याची भीती हाच जर या वाटेवरचा मुख्य आक्षेप असेल, तर वेगळ्या डिस्कवर तो बहुतांशी उरत नाही. काही अडले, तर जुनी डिस्क लावून विंडोज १० मध्ये जाता येते, फाइल काढता येते, सेटिंग पाहून ते नव्या जागी उतरविता येते. दहा दिवसांची मुदतही तिला लागू नाही. फक्त स्थापना करताना जुन्या डिस्कची तार काढून ठेवावी. दोन्ही डिस्का जोडलेल्या असतील तर सेटअप बऱ्याचदा बूटची, म्हणजे विंडोज सुरू करून देणारी, फाइल जुन्या डिस्कवरच्या विभागात टाकतो, आणि पुढे कधी ती डिस्क काढली की नवी विंडोज सुरूच होत नाही. माझ्या एका स्नेह्याला हा धडा सहा महिन्यांनी मिळाला.

आणखी दोन गोष्टींकडे लक्ष असावे. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेतलेला बरा, कारण विंडोज ११ ची स्थापना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. आणि विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून कोऱ्या स्थापनेत त्या खात्याने प्रवेश केला की, संगणक अनुकूल असल्यास डिस्कचे कूटबंधन (की नसेल तर फाइली वाचता येऊ नयेत अशी कुलपबंदी) गाजावाजा न करता चालू होते, तेव्हा त्याची रिकव्हरी की खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी.

दोन्ही वाटा एकमेकींशेजारी ठेवल्या, तर पहिलीचे एकूण श्रम कमी आहेत हे मान्यच आहे, पण ते यश आले तर. दुसरीचे श्रम निश्चितपणे अधिक, तथापि तेथे घातलेला प्रत्येक तास पुढे नेतो. फॉन्टाचा शोध घेण्यात माझी एक दुपार गेली, पण संध्याकाळी पत्रिका छापायला गेली. याउलट सेटअपसमोर घातलेल्या तीन संध्याकाळींनी मला आरंभीच्याच चौकटीत आणून सोडले. शिवाय पहिली वाट यशस्वी झाली तरी सात वर्षांचे ड्रायव्हर आणि अर्धवट काढलेली सॉफ्टवेअरे नव्या विंडोजमध्ये बरोबर येतात, आणि पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी ती पुन्हा आडवी येणार नाहीत असे कोणी सांगावे? अर्थात भाचीच्या लॅपटॉपवर अजून तसे काही झालेले नाही, हेही नमूद करतो.

म्हणून मी स्वतःपुरता नियम असा केला आहे की, संकेतांकावरून कारण नेमके कळले तर पहिल्या वाटेने एक प्रयत्न करावा, केवळ अंदाज असेल तर फार तर दोन, आणि तिसऱ्याच्या ऐवजी बाजारात जाऊन एसएसडी आणावी. ज्यांनी वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली आहे, त्यांना विंडोज १० वर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवड आहे, तेव्हा त्यांना तेवढी घाई नाही. एक अपवाद मात्र मला मोठा वाटतो. ज्यांचे रोजचे काम लॉकवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांनी डिस्क विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला फोन करून त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोज ११ वर चालतो का, आणि सॉफ्टवेअरची मूळ स्थापना-फाइल अजून मिळते का, हे विचारून घ्यावे. माझ्या विक्रेत्याने ड्रायव्हर पाठविला, स्थापना-फाइल मात्र त्याच्याकडेही नव्हती. ती जुन्या डिस्कवरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये २०१८ पासून पडून होती.