लेबल प्रिंटर : आठ महिने वापरून, भुसावळचा मे महिना काढून

चार बाय सहा इंचाचं लेबल काढणारा थर्मल प्रिंटर दिवाळीच्या आधी घेतला होता, लगेच लिहिलं नाही कारण आपल्याकडे मे महिना गेल्याशिवाय कुठल्याच वस्तूचं खरं काही कळत नाही. आई आणि काकू मिळून बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ करतात, पार्सलं पुण्या-मुंबईला जातात आणि लेबलाचं काम माझ्याकडे.

आधी इंकजेटवर ए-फोर कागद छापायचो, कात्रीने कापायचा, वरून सेलोटेप. पावसाचा थेंब आत गेला की पत्ता पसरलाच. थर्मलला शाईच नाही, कागदच उष्णतेने काळा होतो, खर्च फक्त रोलचा. काकू आता माझी वाट न बघता स्वतःच लेबलं काढते, मला याचाच सगळ्यात जास्त आनंद.

पहिला आठवडा डोकं फिरलं, अर्धा पत्ता एका लेबलवर अर्धा दुसऱ्यावर. रोल बदलला की फीडचं बटन दाबून धरायचं, तो दोन-तीन कोरी लेबलं सोडतो आणि मधली गॅप ओळखतो. कागदाचा साईज १०० बाय १५० मिमी आणि स्केल १०० टक्केच ठेवा, फिट टू पेज केलं की बारकोडच्या रेषांची जाडी बिघडते. २०३ डीपीआय म्हणजे एका मिमीला ८ ठिपके, त्यामुळे बारीक अक्षरात 'ज्ञानेश्वर' सारखी जोडाक्षरं नुसती काळी गुठळी होतात, मराठी नाव मोठंच छापा. पिनकोड तर एकटा, ठळक, सगळ्यात मोठा. पार्सल कुठल्या जिल्ह्याच्या वाटेला लागणार ते पहिल्या तीन आकड्यांवर ठरतं, आमच्या ४२५२०१ मधला २ एकदा ७ सारखा दिसला आणि परतीचं पार्सल भलतीकडेच फिरत राहिलं.

आता मुख्य तक्रार. मे महिन्यात पुण्याला पाठवलेलं एक पार्सल तीन आठवड्यांनी परत आलं, कुठे पत्र्याखाली पडून होतं कुणास ठाऊक, अख्खं लेबल राखाडी, बारकोड त्यातच गडप आणि मी जिथे टेप मारली होती तिथली अक्षरं उडालेली. आत पापडांचा चुरा. त्या ताईंनी माहेरची चव म्हणून मागवले होते, फार वाईट वाटलं, दुसरे पाठवले. तेव्हापासून छापलेल्या भागावर टेप मारत नाही, कडेने मारतो, आणि डब्याच्या आत पेनने लिहिलेला पत्ता टाकतोच.

अजून एक, हे कुठल्या पत्रकात नव्हतं. बारकोडच्या मधून उभी पांढरी रेघ यायला लागली, मला वाटलं हेड, म्हणजे कागद तापवून छापणारी पट्टी, गेलं. झाकण उघडलं तर हेडवर कळण्याच्या पिठाचा बारीक थर! मशीन बंद करून, थंड झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसलं आणि रेघ गायब. आता प्रिंटर पिठाच्या खोलीत ठेवत नाही, झाकायला आईचं जुनं सुती पातळ आहे.

पाचपैकी चार देतो. रोल घेताना टॉप कोटेड, म्हणजे वरून संरक्षक थर दिलेला, आहे का ते विचारून घ्या, थोडा महाग पडतो पण टिकतो. आम्ही जळगावहून एकावेळी पाच-सहाच आणतो आणि माळ्यावर नाही, खालच्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी पत्र्याच्या डब्यात ठेवतो.