कमी झालेल्या कामेच्छेवरील हार्मोन उपचार : पलासियातील एका क्लिनिकविषयी

पाळी गेल्यानंतर शरीरसंबंधाची इच्छाच उरत नाही, ही तक्रार घेऊन नेमके कोणाकडे जावे, हे इंदूरसारख्या डॉक्टरांनी गजबजलेल्या शहरातही पुष्कळ जणींना ठाऊक नसते. पलासिया भागातील ज्या क्लिनिकविषयी मी लिहीत आहे, तेथे हार्मोनतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघेही बसतात आणि पती-पत्नीचे म्हणणे एकत्र बसवून ऐकून घेतात. औषधोपचाराच्या बाबतीत मी या क्लिनिकला उत्तम म्हणेन. भावनिक जवळिकीच्या नावाखाली तेथे जे दिले जाते, त्याबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

पहिल्या भेटीत एकही हार्मोन लिहून दिले गेले नाही, याचे मला विशेष वाटले. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची चौकशी झाली, कारण नैराश्यावरील काही औषधांनीही इच्छा मंदावते. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध निर्माण करणारे हार्मोन, जे वाढल्यास इच्छा कमी होते) तपासले गेले. झोप, मधुमेह आणि घरातील ताण यांविषयी विचारले गेले. माझ्या पतींचे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे कामेच्छेशी निगडित मुख्य पुरुषी हार्मोन, दुसऱ्या एका लॅबमध्ये दुपारी जेवणानंतर तपासून कमी ठरवण्यात आले होते. येथील डॉक्टरांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितले, कारण हे हार्मोन सकाळी सर्वाधिक असते आणि खाल्ल्यावर उतरते. पुरुषांमध्ये डेसिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमच्या खाली पातळी आणि सोबत लक्षणे, अशी दोन्ही असतील तरच उपचाराचा विचार करतात. आमच्याकडे दोन्ही वेळा आकडा चांगला आला आणि इंजेक्शनचा विषय तेथेच संपला. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ताकदीची हमी देणाऱ्या जाहिराती रंगवणाऱ्यांकडून एवढ्या संयमाची अपेक्षा करता येत नाही.

माझ्या बाबतीत आधी कोरडेपणा आणि वेदना यांवर उपचार झाले. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाल्याने योनीचा अंतःस्तर पातळ होतो, संबंध दुखरे होतात आणि जे दुखते त्याची इच्छा मन आपोआप टाळू लागते, हे स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी इतक्या सरळ शब्दांत सांगितले की माझा संकोच निम्मा तेथेच गेला. योनीत लावण्याच्या अल्प मात्रेतील इस्ट्रोजेन क्रीमने काही आठवड्यांत पडलेला फरक मला पुढच्या सर्व उपचारांपेक्षा मोठा वाटतो, आणि पुष्कळ जणींना कदाचित एवढेच पुरेल.

त्यानंतरही इच्छा परतली नाही आणि त्याचा मला त्रास होत होता, म्हणून टेस्टोस्टेरॉन जेलचा प्रस्ताव आला. अनेक देशांतील तज्ज्ञ संस्थांनी 2019 मध्ये मिळून काढलेल्या निवेदनानुसार स्त्रियांना हे हार्मोन देण्यास पुराव्याचा आधार एकाच कारणासाठी आहे : रजोनिवृत्तीनंतर कमी झालेली आणि मनाला त्रास देणारी कामेच्छा. थकवा किंवा मरगळ घालवण्यासाठी ते नाही. स्त्रीच्या रक्तातील आकड्यावरून निदान होत नाही. पातळी आधीच जास्त नाही ना आणि नंतर मर्यादेबाहेर जात नाही ना, एवढ्यासाठी रक्त तपासतात. पुरुषांसाठीचे जेल साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या मात्रेत वापरावे लागते, त्यामुळे एक पाकीट सुईविना सिरिंजने मोजून बरेच दिवस पुरवण्याची कसरत करावी लागते. फार्मसीतील मुलाने ती शांतपणे करून दाखवली. जेल मांडीवर लावल्यावर हात धुणे आणि ती जागा कपड्याने झाकणे आवश्यक असते, विशेषतः नातवंडे अंगाखांद्यावर खेळत असतील तर. मुरुमे आली किंवा नको तेथे केस वाढू लागले तर कळवावे, आणि सहा महिन्यांत गुण न आल्यास बंद करावे, हेही स्पष्ट सांगितले गेले. अभ्यासांतील सरासरी लाभ महिन्याला जेमतेम एखाद्या अधिक समाधानकारक प्रसंगाएवढा आहे, हे डॉक्टरांनी आपणहून सांगितले. मला आलेला गुण साधारण तेवढाच आहे आणि मी समाधानी आहे.

तक्रार समुपदेशनाविषयी आहे. माहितीपत्रकात ‘जवळीक उपचार’ असे ठळक छापून ऑक्सिटोसिन या जवळिकीशी जोडल्या जाणाऱ्या हार्मोनच्या नाकातील फवाऱ्याचा उल्लेख केला आहे, मात्र दांपत्यातील दुरावा त्याने मिटतो असे अजून सिद्ध झालेले नाही, आणि क्लिनिकच्या डॉक्टरांनीही तो आम्हाला सुचवला नाही. मग तो पत्रकात कशाला? समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात, घाईत असतात आणि छापील प्रश्नावली भरून घेऊन पाठवणी करतात. कित्येक वर्षे एकाच घरात राहून कामापुरते बोलणाऱ्या माणसांना जेलच्या पाकिटापेक्षा निवांत बोलण्याची जागा अधिक लागते, आणि तिच्यासाठी येथे वेळच राखून ठेवलेला नाही.

स्वागतकक्षातील मुलगी ‘क्या प्रॉब्लम है?’ असे भरल्या खोलीत मोठ्याने विचारते, हेही अनुचित आहे. इंदूरच्याच रामबाग भागातले कोणी ना कोणी ओळखीचे तेथे बसलेले असतेच. नोंदणी फोनवर करून कारण ‘हार्मोन तपासणी’ एवढेच सांगावे आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. ज्या तरुण दांपत्यांना मूल हवे आहे, त्यांनी ते आरंभीच सांगावे, कारण बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने पुरुषाची शुक्रजंतूनिर्मिती दबते आणि अशा वेळी डॉक्टरांना वेगळा मार्ग निवडावा लागतो.