चीनचा माल लांबला: विमानाने आणायचा, इथलाच घ्यायचा की थांबायचं?

फेब्रुवारी सरत आलाय, बाहेरून मागवलेल्या भागांचा पत्ता नाही आणि डीलरचे फोन सुरू झालेत. नागपुरात कूलर बनवणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येतेच. मागच्या हंगामात हिंगण्याच्या आमच्या शेडमध्ये साडेतीनशे कूलर रंग लावून, पंखे बसवून उभे होते. नव्हती ती फक्त स्विंग मोटर, म्हणजे समोरच्या पट्ट्या हलवून हवा फिरवणारी छोटी मोटर. तिच्या जागी दोन-दोन वायरी लोंबत होत्या, टोकांना काळी टेप गुंडाळलेली. तळहातावर मावणाऱ्या वस्तूपायी सगळं भांडवल अडकून पडलं.

आधी माल नेमका कुठे आहे ते शोधा, कारण उपाय त्यावरच ठरतो. पुरवठादार ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणाला तर पॅक झालेल्या खोक्यांचे त्याच दिवशीचे फोटो मागा. फोटो आले नाहीत, तर माल बनलेलाच नाही असं धरून चाला. चिनी नववर्ष आपल्या सणांसारखंच चंद्रावर चालतं: २०२६ चं १७ फेब्रुवारीला, २०२७ चं ६ फेब्रुवारीला. सरकारी सुट्टी आठवडाभराची असते, पण कामगार गावाहून परतून कारखाना पुरता सुरू व्हायला बरेचदा महिना जातो. म्हणजे नेमका आपला हंगाम.

माल तयार आहे, पण जहाजावर चढलेला नाही, तेव्हाच विमानाचा विचार करा. इथे वजन आणि आकारमान दोन्ही बघावं लागतं. विमान कंपनी एका घनमीटरला साधारण १६७ किलो धरते आणि खरं वजन त्याहून जास्त असेल तर ते मोजते. मोटर लहान आणि भरीव, त्यामुळे तिला विमान परवडतं. हनीकोंब पॅड, म्हणजे पाण्याने भिजून हवा गार करणारी जाळी, हलकं पण जागा खाणारं. ते विमानाने आणाल तर हवेचंच भाडं भराल. एक दिलासा आहे: सीमाशुल्क काढताना विमानाचं भाडं मालाच्या एफओबी किमतीच्या (भाडं-विमा सोडून, माल तिकडे चढवेपर्यंतची किंमत) २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. सगळा माल मात्र विमानाने आणू नका. पहिल्या तीन आठवड्यांपुरता आणा, उरलेला जहाजाने येऊ द्या.

इथल्या स्टॉकिस्टकडून घ्यायचं तर भाव चढा आणि मार्चमध्ये उधारी बंद. तरी कूलर उभा राहण्यापेक्षा ते बरं. फक्त घेण्याआधी एक नग घरी आणून बसवून बघा. आम्ही न बघता दोनशे मोटरी घेतल्या, शाफ्ट आमच्या क्रँकमध्ये (मोटर आणि पट्ट्या जोडणाऱ्या भागात) बसेना, आणि प्रत्येक क्रँक बदलावा लागला. हा खर्च भावात कुठेच दिसत नाही. पॅड आणि पंपासाठी मात्र माझं मत स्पष्ट आहे: ते इथूनच घ्या.

माल समुद्रावर असेल तर थांबणंच भाग आहे. तेवढ्यात कागद पुरे करा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्क खात्याकडे भरायचा कागद, माल बंदरातच सोडवायचा असेल तर जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावं लागतं; मिहानला सोडवायचा असेल तर मुदत एजंटला विचारा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये. न्हावा शेव्याहून नागपूरच्या मिहानमधल्या कंटेनर डेपोत येणारा कंटेनर मालगाडीसाठी किती खोळंबलाय, हे एजंटला रोज विचारा.

आता पुढच्या ऑर्डरचं. ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची (माल चढल्याची जहाज कंपनीची पावती) प्रत आल्यावर, ही नेहमीची पद्धत. तिच्यात उशिराची झळ फक्त आपल्याला बसते. एलसीमध्ये (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी) माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख लिहिता येते. ती चुकली तर कागद सदोष ठरतात, पैसे द्यायचे की भाव कमी करून घ्यायचा हे आपल्या हातात राहतं. पण त्यात बँकेचं कमिशन जातं, मार्जिन मनी (बँकेकडे ठेवायची रक्कम) अडकून पडतं, आणि छोट्या ऑर्डरला पुरवठादार नकार देतो. तशा वेळी दर आठवड्याच्या उशिराला किती टक्के कापणार ते प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरच (पुरवठादाराने ऑर्डरआधी दिलेल्या बिलावरच) लिहून घ्या आणि उरलेल्या रकमेतून वळते करा. नागपुरात बसून चीनमधल्या कारखान्यावर दावा लावणं छोट्या उद्योगाला झेपत नाही.

आमची मोटरींची ऑर्डर आता दसऱ्याला जाते. माल डिसेंबरात जहाजावर चढला नाही, तर पहिल्या हजार नगांसाठी विमानाचं भाडं कोण भरणार, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.