जळगावचं जुन्या पुस्तकांचं दुकान: पिवळी प्रतच मागा

स्टेशनजवळच्या या दुकानात बऱ्याच जुन्या पुस्तकांच्या दोन प्रती मिळतात. एक पिवळी पडलेली, दुसरी गुळगुळीत कव्हरची, ‘सोप्या मराठीत’. दुकानदार दुसरी पुढे करतो, कारण तिच्यात त्याला नफा जास्त सुटतो. पहिली मागून घ्या.

1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘नांव’ माणसाचं आणि ‘नाव’ तापीतली. ‘तें’ म्हणजे मूल, ‘ते’ म्हणजे पुरुष. सोप्या आवृत्तीत हे अनुस्वार उडतात आणि लांब वाक्यात कोण कुणाबद्दल बोलतंय ते कळेनासं होतं. दहा-पंधरा पानांत डोळा सरावतो. शब्द अडला तर मोल्सवर्थचा 1857 चा कोश पाहा, नेटवर फुकट आहे. आजचा कोश आजचा अर्थ देतो, आणि नेमका तोच तिथे लागत नाही.

मापांचा घोळ त्याहून वाईट. मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत. बंगाली मण सव्वासदतीस किलोंचा. गावोगावचे मण आणखी निराळे. संपादकाने डोळे झाकून ‘1 मण = 37 किलो’ लावलं की शेतीच्या पुस्तकातलं खत तिप्पट होतं, आणि वेड्यात निघतो जुना लेखक! मूळ प्रतीत मण मणच राहतो; कुठला, ते पुस्तकातल्याच भावांवरून ताडता येतं.

मुखपृष्ठ फाटलं असलं तरी साल काढता येतं. शकात 78 मिळवा (पौषाच्या पुढे 79). पत्त्यात ‘पूर्व खानदेश’ असेल तर 1906 नंतरचं, कारण जिल्हा तेव्हा दुभंगला. किंमत आण्यांत असेल तर बहुधा 1957 च्या आधीचं.

पानाचा कोपरा दुमडून पाहू नका, तुटतो. आपल्याकडच्या मे महिन्यात कागद पापडासारखा होतो. पुठ्ठा उघडून शिवणीचा दोरा बघा. दोरा धड असेल तर सुटी पानं चालतील. कसरीने खाल्लेली भोकंही चालतील, पण पिठूळ भुसा पडत असेल तर कीड अजून आत आहे, परत ठेवून द्या. दुकानाची बाइंडिंगची सोय मात्र घेऊच नका. कडा मशीनवर कापतात, समासातल्या जुन्या वाचकाच्या पेन्सिलखुणा त्यात जातात, आणि वर सेलोटेप लावून देतात.

भाव करताना ‘दुर्मिळ’ हा शब्द तोंडातून काढू नका.