व्हॉट्सॲप की सिग्नल?

दोन्ही ॲपमध्ये संदेश कुलूपबंद करण्याची पद्धत एकच, सिग्नल प्रोटोकॉलची आहे. व्हॉट्सॲपने ती २०१६ मध्ये सर्वांसाठी लागू केली, त्यामुळे मजकुरापुरते डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नाही. फरक आहे तो पाकिटावरच्या नोंदींचा, म्हणजे कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले याचा. त्याच वर्षी अमेरिकेत न्यायालयीन प्रक्रियेतून सिग्नलकडे माहिती मागितली गेली, तेव्हा खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या जोडणीची तारीख, याहून अधिक देण्याजोगे त्यांच्याजवळ नव्हतेच. मेटाच्या मालकीच्या व्हॉट्सॲपजवळ अशा नोंदी बऱ्याच अधिक असतात.

मला मात्र बॅकअपचा मुद्दा त्याहून जिव्हाळ्याचा वाटतो. मुलुंडच्या आत्याचा नवा फोन लावून देताना 'चॅट बॅकअप' उघडले, तर एन्क्रिप्शनपुढे, म्हणजे बॅकअप कुलूपबंद करण्याच्या पर्यायापुढे, 'बंद' असे दिसले. पॅन कार्डाचा फोटो, पासबुकाचे पहिले पान, काकांचे रक्ततपासणीचे अहवाल, सारे त्या कुलपाविना गूगलच्या ड्राइव्हवर रोज रात्री जात होते. बॅकअपला कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे, पण ती आपणहून सुरू करावी लागते आणि तिचा पासवर्ड जपावा लागतो.

सोयीत व्हॉट्सॲपच पुढे आहे, कारण सोसायटीची पाणीकपातीची सूचना आणि वाण्याची यादी तिथेच येते. म्हणून आत्याकडे दोन्ही ठेवली: सोसायटी व्हॉट्सॲपवर, कागदपत्रे आणि घरच्या गोष्टी सिग्नलवर.